क्लबातले मार्क आणि मार्कांवरची भांडणं : वाचकांचे प्रश्न

कॅमेरा क्लबांच्या महिन्याच्या स्पर्धांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. लेन्स, ट्रायपॉड असलं काहीतरी येईल असं वाटलेलं, पण आलं ते जवळजवळ सगळं एकाच गोष्टीवर, की आपणच आपल्यात मार्क देतो तेव्हा काय होतं. त्यातले काही निवडलेत. नावं मुद्दाम छापत नाही, लहान गावात कोण काय बोललं ते लगेच कळतं.

प्रश्न : नमस्कार सर, आमचा क्लब तालुक्याच्या गावातला, महिन्यातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये जमतो, दहाबारा जण असतो, विषय आधी ठरलेला आणि प्रत्येकाने दुसऱ्यांच्या फोटोला दहापैकी मार्क द्यायचे, स्वतःच्या फोटोला नाही. वर्षभर बघतोय, तेच तिघं आलटूनपालटून पहिले. तिघं एकत्र फिरायला जातात, एकमेकांना नऊ-दहा देतात आणि बाकीच्यांना तीन-चार. माझा सोमवतीचा जेजुरीचा फोटो, भंडारा उधळताना, पायरीवर बसून काढलेला, फेसबुकवर लोकांना जाम आवडला आणि क्लबात ॲव्हरेज साडेचार. कारण कोणी सांगत नाही. क्लब सोडावा म्हणतोय. – एक सभासद, पुणे जिल्हा

उत्तर : सोडू नका इतक्यात, आधी मार्कांचा कागद मागून घ्या आणि जरा हिशोब करा, कारण दहापैकी मार्क आणि त्याची सरासरी ही पद्धतच अशी आहे की जो टोकाचे आकडे टाकतो त्याचंच चालतं. समजा १० जण मार्क देतायत. तुमच्या फोटोला ९ जणांनी ७ दिले आणि एकाने १ दिला, बेरीज ६४. दुसऱ्या फोटोला ९ जणांनी ६ दिले आणि त्याच एकाने १० दिले, बेरीज तीच, ६४. म्हणजे ९ लोक म्हणतायत तुमचा फोटो चांगला, एक माणूस म्हणतोय दुसरा, आणि निकाल बरोबरीत. यात कुणी बदमाशी केलीच पाहिजे असंही नाही, काहींचा हातच सढळ असतो आणि काहींच्या पेनातून सातच्या वर आकडा उतरत नाही.

सोपा उपाय म्हणजे प्रत्येक फोटोचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा मार्क काढून टाकायचा. वरच्याच उदाहरणात मग तुमचे होतात ५६ आणि त्याचे ४८, निकाल साफ. पण तिघं ठरवून करत असतील तर एक आकडा काढून भागत नाही, अशा वेळी आकडेच बंद करा आणि प्रत्येकाला सांगा की तुला आवडलेले ५ फोटो लिही, स्वतःचा सोडून. मग कुणी कितीही जोर लावला तरी त्याचं मत एकच धरलं जातं. आणखी एक, मार्क द्यायच्या आधी सगळे फोटो एकदा नुसते दाखवून घ्या, कारण पहिल्या तीनचार फोटोंना लोक हात राखून मार्क देतात, पुढे काय येणार माहीत नसतं ना.

आता दुसरी बाजू. गट आहे असं तुम्ही धरून चाललाय, असेलही, पण एकत्र फिरणाऱ्या, एकाच ठिकाणी एकाच वेळी उभं राहणाऱ्या लोकांची आवडही हळूहळू सारखी होते, त्यांना एकमेकांचे फोटो खरंच आवडत असतील. खात्री करायची तर नावं झाकली पाहिजेत आणि नावं झाकायची तर स्पर्धेचा फोटो आधी व्हॉट्सॲप स्टेटसला, इन्स्टाला टाकायचा नाही असा नियम लागतो. दहा जणांच्या क्लबात फोटो कुणाचा ते स्टेटसवरून आठवडाभर आधीच माहीत असतं, मग चिठ्ठीवर नाव नाही म्हणून काय फरक पडणार.

जेजुरीच्या फोटोचं मात्र स्पष्ट सांगतो. फेसबुकवर ते लाइक खंडोबाला पडतात हो, खाली कमेंटमध्ये यळकोट यळकोट जय मल्हार लिहिलेलं असणार बघा. क्लबात बसलेल्या प्रत्येकाने ते पिवळं आकाश कितीतरी वेळा पाहिलेलं असतं, निम्म्यांनी स्वतः काढलेलं असतं, भंडारा कॅमेऱ्यात जाऊन सर्व्हिसिंगचा खर्चही भोगलेला असतो. त्यांना तो पिवळा रंग दिसतच नाही, ते बघतात की त्या गर्दीत तुम्ही कुणाला धरलंय. वारीतली छत्री, पांढऱ्या मिशांचे पागोटेवाले आजोबा, भिगवणचे उडते फ्लेमिंगो, विसर्जनाचा लालबागचा गुलाल, सगळ्यांचं तेच. विषय मोठा असला की फोटो आपोआप मोठा होतो असं आपल्याला वाटतं. तुमचा फोटो मी पाहिलेला नाही, तो चांगलाही असेल, पण साडेचारचं कारण गटबाजी एवढंच धरून बसू नका.

आणि कारण कोणी सांगत नाही हे जे तुम्ही शेवटी सहज लिहिलंय ना, खरी तक्रार ती आहे. आकड्याने फोटो काढणाऱ्याला काहीच कळत नाही, साडेचार म्हणजे नेमकं काय सुधारू? पुढच्या मीटिंगला एवढाच ठराव मांडा की ज्याने सगळ्यात जास्त आणि ज्याने सगळ्यात कमी मार्क दिले त्याने उभं राहून दोन वाक्यं बोलायची. बाकी काही बदललं नाही तरी चालेल. दोन वाक्यं बोलायला लागणार म्हटलं की तीनचे पाच आणि दहाचे आठ आपोआप होतात, कारण बोलायचं म्हणजे फोटो बघावा लागतो. इंग्लंडमध्ये शंभराहून जास्त वर्षं पोस्टल क्लब चालत आलेत, प्रिंटांची पेटी पोस्टाने एका सभासदाकडून दुसऱ्याकडे जाते, प्रत्येकाने आपली प्रिंट टाकायची आणि इतरांच्या प्रिंटवर वहीत टीका लिहायची, मग पेटी पुढच्या गावाला. समोरासमोर भेटही होत नाही, पण लेखी लिहायचं असल्यामुळे माणूस प्रिंट हातात घेऊन नीट बघतो. मार्क तिथेही असतात, पण जीव सगळा त्या वहीत.

आपल्याकडेही हे नवं नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली, म्हणजे उठावाच्या आधी, आणि भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉक्टर नारायण दाजी त्या काळात फोटो काढणाऱ्यांपैकी. एकमेकांच्या प्रिंटा बघून नाकं मुरडणं तेव्हापासून चालू असणार असा माझा आपला अंदाज.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, क्लबात नवीन आहे. फोटोवर बोला म्हणतात तेव्हा मला छान आहे, रंग छान आलेत याच्यापुढे सुचत नाही आणि जुने लोक रूल ऑफ थर्ड, लीडिंग लाइन्स असं बोलतात. एखादा फोटो आवडला नाही तर समोरच्याला वाईट न वाटता कसं सांगायचं? – नाशिक

उत्तर : ताई, छान म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलबी छान झालीय म्हणतात तसं, ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो. आवडलं की नाही हे सगळ्यात शेवटी सांगा. आधी दिसतंय काय ते सांगा. अगदी बाळबोध वाटलं तरी चालेल, की माझी नजर आधी त्या लाल बादलीवर गेली, मग बाईच्या हातावर, आणि चेहऱ्यावर पोचायला वेळ लागला. बस्स, झालं काम. फोटो काढणाऱ्याला चेहरा दाखवायचा होता आणि तुमची नजर बादलीवर अडकली हे त्याला दुसरं कोणी सांगत नाही, कारण त्याला स्वतःला ती बादली दिसतच नसते, तो तिथे उभा होता, त्याला चेहराच आठवतो. वास, आवाज, त्या बाईशी झालेल्या गप्पा, पहाटे चारला उठणं, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं आणि फोटोत आलंय असं त्याला वाटत असतं. तुम्ही तिथे नव्हता हाच तुमचा अधिकार.

रूल ऑफ थर्डला, म्हणजे फ्रेमचे तीन भाग पाडून विषय मधोमध न ठेवता एका बाजूच्या तिसऱ्या भागावर ठेवायचा या नियमाला, किंवा लीडिंग लाइन्सना, म्हणजे नजर विषयाकडे नेणाऱ्या रेषांना, घाबरू नका. बरेचदा ते बोलायला काही नसतं तेव्हा बोलतात. विषय मधोमध आहे म्हणून मार्क कापणारे लोक मी पाहिलेत आणि तोच फोटो मधोमध आहे म्हणून उभा राहिलेला असायचा. नियम मोडला का, हे सांगून काही होत नाही, त्याने त्या फोटोचं काय झालं ते सांगायचं.

दोन वाक्यं तोंडातून येऊ देऊ नका. एक म्हणजे मी असते तर बसून काढला असता, तुम्ही नव्हता आणि कदाचित तिथे बसायला जागा नव्हती. दुसरं म्हणजे थोडा क्रॉप केला असता तर. नेमकं सांगता येत असेल तर सांगा की उजवीकडचा विजेचा खांब गेला तर काय होईल, हाताने झाकून दाखवा, प्रिंट असेल तर खरंच कागद ठेवून झाकून दाखवा, समोरचा वाद घालत नाही मग, तोही बघायला लागतो. आणि वाईट वाटायचं ते थोडं वाटतंच हो. फोटोबद्दल बोला, माणसाबद्दल नको, एवढं सांभाळलं की चहाच्या वेळेपर्यंत उतरतं.

शिक्षिका आहात म्हणून एक जास्तीचं, बोलणाऱ्यांचा क्रम उलटा लावायला सांगा, नवीन लोक आधी आणि ज्येष्ठ शेवटी. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीचे सगळे तेच वेगळ्या शब्दात सांगतात.

प्रश्न : निसर्ग विषयाच्या स्पर्धेत एकाने खंड्याचा अप्रतिम फोटो टाकला, पहिला आला. नंतर कळलं की फांदी त्यानेच आणून रोवलेली आणि खाली टबात मासे सोडलेले, शिवाय मागची एक काडी फोटोशॉपमध्ये उडवलेली. क्लबात दोन तट पडलेत. बक्षीस काढून घ्यावं का? – कोल्हापूर

उत्तर : तुमच्या क्लबाचा लेखी नियम काय होता? नसेल तर बक्षीस काढू नका, नियम नसताना शिक्षा केली की भांडण माणसांचं होतं. पुढच्या महिन्यापासून नियम लिहा आणि तो स्वतःच्या डोक्यातून काढत बसू नका, अमेरिकेची पीएसए, युरोपातून चालणारी फियाप आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या फोटोग्राफीच्या तीन मोठ्या संस्थांनी मिळून निसर्ग फोटोची एकच व्याख्या ठरवलेली आहे, तीच घ्या. ढोबळ असं की क्रॉप चालतो, उजेड-रंग जागेवर आणणं चालतं, नॉइज म्हणजे कमी उजेडात येणारे दाणे काढणं चालतं, पण चित्रातली वस्तू टाकणं, हलवणं, पुसणं चालत नाही. तुमची ती काडी इथे अडकते. पाळीव प्राणी, लावलेली बाग चालत नाही, माणसाच्या खुणा शक्यतो नकोत, अपवाद म्हणजे जुन्या घराच्या वळचणीला राहणारं घुबड वगैरे, जिथे माणसाची वस्तू त्या जिवाच्या जगण्याचाच भाग आहे. वाइल्डलाइफ म्हणाल तर प्राणी मोकळा आणि त्याच्या जागेत असला पाहिजे, झू नाही.

टबातल्या माशांचं प्रकरण काडीपेक्षा अवघड आहे. फाइलमध्ये त्याचा मागमूस नसतो, रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, मागितली तर पुसलेली काडी पकडता येते, टब नाही. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. लंडनच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरचं २००९ चं पहिलं बक्षीस, रात्री फाटकावरून उडी मारणारा लांडगा, पुढच्या वर्षी रद्द झालं, परीक्षकांच्या मते तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता, फोटोग्राफरने ते नाकारलं. २०१७ च्या स्पर्धेतला मुंगीखाऊचा फोटोही असाच गेला, तो प्राणी पेंढा भरलेला होता असं तज्ज्ञांचं मत पडलं. म्हणून क्लबात एकच करा, निसर्गाचा फोटो आला की काढणाऱ्याने तिथेच दोन मिनिटं सांगायचं, कुठे, किती वेळ बसला, काही ठेवलं-रोवलं होतं का. समोर बसलेल्या माणसांच्या डोळ्यात बघून खोटं बोलणं बहुतेकांना जमत नाही.

आणि घरट्यातले फोटो घेणं बंदच करा. आपल्याकडे कितीतरी सलॉनवाले, म्हणजे मोठ्या फोटो स्पर्धा भरवणारे, आता ते घेत नाहीत. फोटोसाठी पानं बाजूला सारली की पिल्लं उन्हात आणि घारीच्या नजरेत येतात, आई कधी कधी घरट्याकडे फिरकतही नाही. मार्कांची चर्चा इथे करायचीच नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसचे साहेब पण क्लबात आहेत आणि फोटो अगदीच सुमार काढतात. मार्क देताना हात थरथरतो. – नाव नको, गावही नको

उत्तर : हात वर करून सांगा की या फोटोला मी मार्क देत नाही, ओळखीतले आहेत. सख्खा भाऊ, बायको, साहेब, सगळ्यांना हाच नियम. एखादा मार्क कमी भरला तर सरासरी तेवढ्यांचीच काढायची, आभाळ कोसळत नाही. साहेबांनी विचारलंच तर सांगा नियम आहे, आणि नसेल तर हे वाचून झाल्यावर करून घ्या.

प्रश्न : घरी लॅपटॉपवर फोटो एकदम झकास दिसतो, क्लबात प्रोजेक्टरवर काळाकुट्ट, रंग पण मेलेले. मार्क जातात. दोष कुणाचा? – सोलापूर

उत्तर : थोडा तुमचा, थोडा हॉलचा. लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल ठेवून एडिट केलं की डोळ्याला सगळं उजळ वाटतं, म्हणून आपण फोटो नकळत गडद ठेवतो आणि मग प्रिंट काय, प्रोजेक्टर काय, अंधार. ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती ते दाखवणारा आलेख, बघायची सवय लावा, तो ब्राइटनेसने फसत नाही. रंग मेलेत म्हणताय त्यावरून फाइल ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीत गेली असावी, एक्स्पोर्ट करताना सगळीकडे चालणारी एसआरजीबी निवडा, आणि साइज क्लबाने सांगितलेलाच, उदाहरणार्थ १९२० बाय १०८०, नाहीतर लहानमोठं करायचं काम तिथला कॉम्प्युटर आपल्या मनाने करतो.

हॉलचं म्हणाल तर ट्यूबलाइट चालू ठेवून आणि खिडकीचा पडदा अर्धा ओढून प्रोजेक्टरवर मार्क देणारे क्लब आहेत, काळा रंग तिथे राखाडीच दिसणार. सुरुवातीला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची एक पट्टी दाखवायची, खालच्या दोन काळ्या पायऱ्या वेगळ्या दिसल्या तर पुढे जायचं, नाहीतर आधी दिवे आणि पडदे. ज्याला परवडेल त्याने वर्षातून एकदोनदा तरी प्रिंट आणावी, सलॉनला आपल्याकडे १२ बाय १८ इंच चालते तेवढी. प्रिंट हातात आली की लोक जवळ येऊन बघतात, बोलतात जास्त, आणि शार्पनिंग किती मारलंय तेही दिसतं.

प्रश्न : आकाश बदललेला फोटो, एआयने बनवलेला फोटो, हे क्लबात घ्यायचं का? – ठाणे

उत्तर : एआयने बनवलेलं नाही. २०२३ साली बोरिस एल्डॅगसेन या जर्मन कलाकाराने सोनीच्या जागतिक स्पर्धेत एआयने केलेलं चित्र पाठवलं, ते क्रिएटिव्ह विभागात जिंकलं आणि त्याने स्वतःच बक्षीस नाकारलं, स्पर्धा याला तयार आहेत का हे बघायचं होतं म्हणाला. तिथल्या परीक्षकांसमोर जे टिकलं ते आपल्या रविवारच्या सभेत कोण पकडणार, तेव्हा विश्वासावरच चालायचं. आकाश बदललेलं असेल तर वेगळा क्रिएटिव्ह विषय ठेवा, तिथे खुशाल बदला, फक्त ते आकाशही तुमच्याच कॅमेऱ्यातलं असावं आणि सांगून टाकावं. पावसाळ्यातल्या राजगडावर हिवाळ्यातले ढग आणि सावल्या उलट्या दिशेला, असे फोटो सध्या फार येतात, बघणाऱ्याला कळतं हो.

प्रश्न : आपसातली भांडणं टाळायला बाहेरचा परीक्षक बोलवावा का? – जळगाव

उत्तर : वर्षातून दोनतीनदा बोलवा, दर महिन्याला नको. बाहेरचा माणूस आला की कुणाचा फोटो ते त्याला माहीत नसतं हा फायदा खराच, पण मग सभासद गप्प बसून ऐकतात आणि निकाल घेऊन घरी जातात. आपसात मार्क देण्यातून पहिला नंबर कुणाचा हे कळतं ते जाऊ द्या, पण दुसऱ्याच्या फोटोवर बोलता बोलता स्वतःचा फोटो निवडायची अक्कल येते, वीस फ्रेममधली कुठली ठेवायची नि कुठल्या उडवायच्या. ती बाहेरच्याच्या भाषणाने येत नाही, स्वतः बोलावं लागतं. सलॉनमध्ये तर परीक्षक हजारो फोटो बघतात, एकेकाला काही सेकंद, मशीनचं बटण दाबलं की पुढचा. कारण सांगायची सोय तिथे नसते, आपल्या क्लबात असते आणि आपण वापरत नाही. बोलवाल तेव्हा परीक्षकाला आधीच सांगा की तीनच बक्षिसं द्या पण प्रत्येक फोटोवर बोला, आणि जायच्या यायच्या गाडीचे पैसे द्या, नुसता श्रीफळ-शाल नको.

प्रश्न : मोबाइलवाल्यांचा वेगळा गट करावा असं डीएसएलआरवाले म्हणतायत. – रत्नागिरी

उत्तर : नको. प्रोजेक्टरवर १९२० पिक्सेलला दोघं सारखेच. पक्ष्यांचा विषय असेल त्या महिन्यात मोबाइलवाले आपोआप मागे पडतील, बाजाराचा विषय असेल तेव्हा डीएसएलआरवाले, कारण मोठी लेन्स काढली की भाजीवाली पोज देऊन बसते. नाव झाकताय तसं कॅमेऱ्याचं नावही झाका आणि निकालानंतरच सांगा.